खोड

पुरवठादाराचं पत्र आलं, दोनच ओळींचं:
या पाटीचा आधार मार्चअखेर संपतो.
पाटीला कुणी कळवलं नव्हतं.
ती ससून डॉकच्या बर्फखान्यात
चौदा वर्षं क्रशर आणि कॉम्प्रेसर हाकत
भिंतीवर टांगलेली,
डब्याच्या दाराला सुतळी, आत एक वाळलेली पाल.
(पाटीच म्हणते मी. बोर्ड म्हटलं की
हिराजी वैतींना दहावी आठवते.)

अंधेरीत, सीप्झच्या चौथ्या मजल्यावर, एसीत
मी तिच्यावर नवा कर्नेल बसवायला घेतला.
जुन्यात सगळं एका फाइलीत कोंबलेलं,
घाईच्या गाठोड्यासारखं.
नव्यात झाड मांडावं लागतं:
प्रोसेसरचं खोड, घड्याळांच्या फांद्या,
पानापानाला आकड्यांतला पत्ता.
अकरा दिवस गेले.
सतरा नंबरची पिन दोनदा उलटी लागली,
आणि सिरियल केबलवरून काळ्या पडद्यावर
नुसते चौकोन, प्रश्नचिन्हं उतरत राहिली,
कुणी तोंडात गुळणी धरून बोलावं तशी.

उतरवून घेताना एक ओळ आडवी आली.
रिले ओढल्यावर चाळीस मिलिसेकंद थांब.
शेजारी इंग्रजीत: काढू नका. एल. डी.
का, ते नाही.
लेस्ली डिमेलो असतील, अकाउंट्समधल्या बाई म्हणाल्या,
दोन बोटांनी टाइप करायचे,
बाकी काही आठवत नाही.

मी काढली.
नव्या कर्नेलला असली ठिगळं लागत नाहीत.
टेबलावर पाटी चार सेकंदांत उठली,
सगळे दिवे हिरवे,
कुणीतरी कटिंग मागवला.

ते खोड मला जमलं होतं.
ती खोड राहून गेली होती.

रात्री दीड. बर्फखाना.
क्रशर लागला. पाटी मेली. उठली.
क्रशर लागला. पाटी मेली.
वॉचडॉग हे नाव उगाच नाही,
वेळेवर घास मिळाला नाही की घरच्यांनाच चावतो.
‘जयवंती’चा तांडेल येऊन विचारून गेला,
तासाभराने पुन्हा आला
आणि या खेपेला विचारलं नाही,
नुसता उभा राहिला.
ते जास्त वाईट.

वैतींनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही.
डब्याला कान लावला. म्हणाले,
“हिचा खटका दोनदा वाजतो. ऐक.”
ऐकलं.
खट्.
आणि त्याच्या पोटात अजून एक, बारीक.
“खारं वारं खाल्लंय तिनं. चिकटते, सुटते, मग बसते.
पहिल्यापासून. तो दाढीवाला साहेब
त्या पिंपावर बसून रातभर तेच ऐकायचा.”

म्हणजे पहिल्या खट्‌ला माझा ड्रायव्हर हो म्हणायचा
आणि दुसऱ्याला घाबरून
सगळं घर डोक्यावर घ्यायचा.
चाळीस मिलिसेकंद.
पापणी अर्धीसुद्धा लवत नाही एवढ्यात,
पण तांब्याची एक गंजकी जीभ
तेवढ्यात आपलं म्हणणं पुरतं करते.

पिंपावर बसूनच ओळ परत घातली.
लॅपटॉप मांडीवर, केबल तोंडात,
पायाखाली वितळलेलं.
क्रशर लागला.
खट्, आणि ते दुसरं,
आणि मग बर्फाचा तो दगडी चुरचुराट,
ज्यात कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही.
तांडेल कधी गेला कळलं नाही.

वैतींनी विचारलं, “मग नवीन काय झालं?”
मी सांगायला लागले, मध्येच थांबले.
“दार नीट लावा,” म्हटलं, “सुतळी बदला.”

त्या ओळीपाशी आता नऊ ओळी आहेत:
धक्का, खारी हवा, दुसरा खट्,
वैतींचं नाव, डिमेलोंचं पूर्ण नाव,
स्पेलिंग अकाउंट्समधून तपासून.

दुपारी तपासणीला बसलेल्या ओजस पाध्येची शंका आली:
हा थांबा कशाला? काढून टाकू?
मी लिहिलं: एकदा रात्री ये.
जुन्या चपला घाल.