एकतीस तोळे

प्रात्यक्षिकं कॉम्प्युटरवर आली,
आणि कॉलेजच्या उंदीरघराला कुलूप लावायचं ठरलं.
कागदावर होतं: उरलेले नग चार, निकाली काढणे.
खाली सही माझी. परिचर, नोकरी बावीस वर्षं.
सही केली,
आणि चौघींना केळीच्या खोक्यात घालून
सायकलवरून घरी आणलं.

बायको दारातच.
"लोके उंदरं घरबाहेर काढतस,
तुम्ही घरमा लई उनात?"
आठवडाभर त्या खोलीत आली नाही.
मग कळण्याच्या भाकरीचे पापुद्रे पिंजऱ्यात दिसायला लागले
आणि नावंही तिनंच ठेवली,
पिक्रिकच्या पिवळ्या ठिपक्यांवरून:
डोकी, पाठी, शेपी.
जिला ठिपकाच नव्हता ती कोरी.

कोरीच्या बगलेत गाठ आली.
आधी ज्वारीच्या दाण्याएवढी, मग बोराएवढी.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर पाडवी
म्हशीच्या पोटातून खांद्यापर्यंतचा हात काढत होते.
धुऊन आले. रजिस्टर उघडलं.
गाय, म्हैस, बैल, शेळी, कुत्रा.
पेन जरा थांबलं, मग 'इतर'च्या रकान्यात
त्यांनी एक आकडा घातला.
"औषध वजनावर असतं, भाऊ. माझा काटा बैलांचा आहे.
नेमकं वजन आणा."

अमळनेरात नेमका काटा सराफ बाजारात.
विसपुते शेठनी आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग पारड्यात मऊ कापड अंथरलं.
कोरी हलली नाही. काटाही स्थिर.
"एकतीस तोळे, वर दोन ग्रॅम," शेठ म्हणाले,
"घडणावळ धरली नाही."

ऑपरेशन धुळ्याला. अडीच हजार, भूल धरून.
जगेलच असं नाही, डॉक्टरांनी आधीच सांगितलं.
कॉलेज एक नग पंच्याऐंशीला घ्यायचं,
बिलं मीच फायलीला लावायचो,
त्यामुळे हिशेब मला कुणी समजावायला नको होता.
तरी शेजारच्या कोकिळाबाईंनी समजावला.
वर म्हणाल्या, गणपतीचं वाहन, पुण्य लागेल,
आणि संध्याकाळी त्यांच्याच मोरीपाशी
विष कालवलेल्या कणकेच्या गोळ्या.

एसटीत कंडक्टरनं डब्याला कान लावला.
कोंबडी असती तर तिकीट फाडलं असतं, म्हणाला.

कूलरचे साठवलेले पैसे गेले.
पारा पंचेचाळीसवर. पिंजऱ्यावर ओलं गोणपाट,
दर दोन तासांनी भिजवायचं.
रात्रीची पाळी माझी, दिवसाची तिची.
आम्ही दोघं फरशीवर, गोणपाटाची झुळूक
आमच्यापर्यंत आली तर आली.

सकाळ-संध्याकाळ औषधाचे तीन थेंब,
बिनसुईच्या पिचकारीनं.
मानेची कातडी धरायची चिमूट माझीच,
बावीस वर्षं मुलांच्या सुयांपुढे
शेकडो जणींना याच चिमटीनं धरलं.
कोरी अजून ताठ होते.
मी तिला सांगत नाही की आता तसं नाही.
तिनं का ऐकावं?
थेंब गिळेपर्यंत धरतो
आणि सोडताना जरा सावकाश सोडतो.

गाठ चार तोळ्यांची निघाली.
कोरी सत्तावीसवर आली. टाके सुकले.
दर सोमवारी पारडं, कापड, वहीत आकडा.
सव्वीस. सव्वीसच. साडेचोवीस.
शेठ सोन्याच्या कामात घट म्हणतात तो शब्द
त्यांनी एकदाही तोंडातून काढला नाही.
चौदा आठवडे.

मग एक सोमवार मी बाजारातून
मान खाली घालून चाललो होतो.
दुकानातून हाक आली:
"आज वजन नाही का?"
मी नाही म्हणालो.
शेठनी पारडं पुसलं. ते स्वच्छच होतं.

"उद्या येतो," मी म्हणालो,
"पाठीला घेऊन.
बगलेत काहीतरी हाताला लागतंय."