एक स्प्रिंग कमी

त्रिमूर्ती नगरात, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर
माझं हे यंत्र आहे. हिंगण्याच्या एमआयडीसीत बांधून घेतलं.
रहांगडाले वेल्डिंग करता करता विचारत होता,
"मॅडम, याच्यावर झोपायचं आहे का पळायचं?"
मी म्हटलं, दोन्ही.
त्याने डोकं खाजवलं,
पण चाकं अशी बसवली की अजून आवाज नाही.

मंगळवार आणि शुक्रवार, पहाटे साडेपाच:
कुमुदिनी नंदनवार.
अकरा वर्षं.
मेडिकलच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्यांवर वाकून
मान पुढे राहिली ती राहिलीच;
निवृत्तीनंतरही काहीतरी बारीक शोधत असल्यासारखी.

पहिल्या दिवशी म्हणाल्या,
"डिसेंबरात पोरीचं लग्न आहे. पोट आत गेलं पाहिजे."
तेव्हा माझं प्रमाणपत्र नवं होतं,
फ्रेमच्या पॉलिशचा वास गेला नव्हता.
मी म्हटलं, जाईल.
गेलं नाही.
लग्न झालं, सावजी रश्श्यावर माणसं घामाघूम जेवली,
जानेवारीत त्या परत आल्या.
का आल्या, ते मी विचारलं नाही.
नेमकं हे न विचारणं
मला कुठल्या कोर्सात शिकवलं नव्हतं.

मग गुडघ्याचं वर्ष.
मग यजमानांच्या डायलिसिसचं. तेव्हा त्या येत,
चटईवर आडव्या होत आणि झोपून जात.
मी कूलर हळू करायची, पायांवर चादर टाकायची,
चाळीस मिनिटांनी उठवायची.
फी घ्यायला नको म्हटलं तर रागावल्या:
"झोपायला कुठं मिळते वो फुकट?"

मी काय शिकवते?
श्वास मागे घ्या, पोलक्याची गाठ बसते तिथे.
बेंबी पाठीकडे.
एकेक मणका खाली ठेवा,
चिनी मातीच्या बशा फडताळात ठेवता तसा, आवाज न करता.
खांदे कानांपासून लांब.
अकरा वर्षं हीच चार वाक्यं.
कंटाळा मलाच आधी येतो, त्यांना नाही.

वहीत लिहिलेलं असतं: कु. नं., दोन लाल, एक निळी.
पुढे कधीतरी: एक लाल, एक निळी.
यंदा मे महिन्यात, सेहेचाळीसवर पारा,
वाळ्याच्या ओल्या वासात मी लिहिलं: नुसती निळी.
त्यांनी चष्मा वर करून वाचलं.
"उतरती कळा म्हणायची का ही?"

स्प्रिंग कमी केली की सोपं होतं, असं सगळ्यांना वाटतं.
तसं नसतं.
जड स्प्रिंग तुम्हाला धरून ठेवते.
हलकीवर गाडी कुठेही पळते,
तिला तुम्हीच धरायचं असतं,
आतून, कुणाला न दिसणाऱ्या जागेतून.
हे मी त्यांना समजावलं की नाही, आठवत नाही.
बहुतेक फक्त "पाहा करून" म्हटलं असेल.

परवा बाही सरकली. कोपरावर पिवळं पडत चाललेलं निळं.
"हे काय?"
"पडली होती न्हाणीत. झाले पंधरा दिवस."
"घरी कोण होतं?"
"कोण असणार? फोन फ्रिजवर होता."
"मग?"
"मंग काय. पडून राहिली थोडा वेळ.
तुमचा आवाज येत होता कानात, घाई नको, खांदे खाली.
लय राग आला तुमचा.
मंग कुशीवर झाली, एक गुडघा घेतला,
श्वास सोडला, आन उठली.
चहा ठेवला."

मी स्प्रिंगच्या हुकाशी उगाच खटपट करत राहिले,
तोंड भिंतीकडे.
दंडाला हात लावून पाहिलं, बोटं हलवायला लावली,
उद्या एक्स-रे काढायचा म्हटलं.
त्या म्हणाल्या, काढू, पण आज वेळ जाते आहे.

खाली टायरवाल्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला.
त्या आडव्या झाल्या, पाय पट्ट्यांत अडकवले.
मी मोजायला लागले.
सातानंतर अडखळले.
"आठ," छताकडे पाहत त्या म्हणाल्या,
आणि श्वास सोडला.