येते

मुहर्रकच्या त्या गल्लीत विमानं इतकी खालून जातात
की दोरीवरचे टॉवेल हलतात.
मुलं बोलता बोलता थांबतात,
आवाज ओसरला की त्याच शब्दापासून
पुन्हा सुरू.

पहिल्या शनिवारी दारातच अडवलं
अबला फौजियांनी.
इथे शिकवणाऱ्या बाईंना अबला म्हणतात.
कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पुरुषी आवाज,
वीस मुलांना एका भुवईवर
जेवायला बसवणारी ही अबला.
मी हसू दाबलं. कुणाला सांगणार होते?

मोडक्या हिंदीत त्या म्हणाल्या:
फोटो काढायचा नाही.
एकट्याला खाऊ द्यायचा नाही.
निघताना 'पुन्हा येईन' म्हणायचं नाही.
ईदला पुष्कळ येतात, फुगे घेऊन.
फुगे दोन दिवस टिकतात.

मी बंदरावरच्या कचेरीत कंटेनरांचा हिशेब लिहिते.
मला अरबी येत नव्हतं.
पण धुवायला काढलेल्या कपड्यांच्या खिशात
नाणी लागावीत तसे शब्द हाताला लागत गेले.
साबण, साबून. खुर्ची, कुर्सी.
कुलूप त्यांचंच, आपण फक्त उलटं लावलेलं.
हिशेब हिशेबच. बाकी बाकीच.
दाना म्हणजे टपोरा मोती, तिनं नाव सांगितलं.
आमच्याकडे दाणा भाजून खातात म्हटलं
तर उचकी लागेपर्यंत हसली.
वारससुद्धा त्यांचाच निघाला.
त्याच्यामागे आपण लावतो ते 'बे'
मी तिथे कधी तोंडातून काढलं नाही.

कामं साधीच.
नखं कापायची, नाडी ओवायची,
नवाफचे बूट सोडवून पुन्हा घालायचे,
कारण डावा कायम उजव्यात.
एकदा वही आवरताना पाहिलं,
त्याच्या बापाच्या रकान्यात एक नाव होतं,
सुवाच्य, खाडाखोड नसलेलं.
रकाना मोकळा राहू नये म्हणून भरलेलं.
मी आयुष्यभर रकानेच भरलेत.
मला ते अक्षर ओळखू येतं.

त्या पहिल्या संध्याकाळी
चपला घालताना सवयीनं बोलून गेले:
येते.
म्हणजे काय, अबलांनी विचारलं.
सांगितलं तर भुवई वर.
तिसरा नियम.
मी म्हटलं, आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत,
अशुभ असतं.
त्या किल्ल्या चाचपत राहिल्या.
तुमच्या भाषेत जायला शब्दच नाही?
आहे. वापरत नाही.
मग न बोलता जात जा.

दोन वर्षं तशीच गेले,
चपला हातात घेऊन, फाटकाबाहेर घालत.

पण चार वर्षांचा नवाफ तेव्हा दारामागे होता.
त्यानं शब्द उचलला आणि कामाला लावला.
नळावर पाणी प्यायला पळताना: येते.
चेंडू आणायला भिंतीपलीकडे: येते.
आणि येतो परत, तोंड पुसत,
घामानं कपाळाला चिकटलेले केस.
मुलगा आहेस, 'येतो' म्हण,
एवढं सांगायचं राहूनच गेलं.
खरं तर राहू दिलं.

करार संपला. तिकीट कचेरीनं काढलं.
शेवटच्या शनिवारी कुणाला काही सांगितलं नाही.
वीस जणांची नखं कापली, दानाची जरा जास्तच,
तिनं बोट ओढून घेतलं.
फाटकाशी आले तेव्हा अबला फौजिया
पाठ करून उभ्या होत्या,
आधीच उघडलेलं कुलूप
पुन्हा पुन्हा उघडत.
त्यांनी वळून पाहिलं नाही.
मी बोलले नाही.
नियम दोघींनी पाळला.

विमान उडालं तेव्हा खिडकीला नाक लावून
ती दोरी शोधली.
सगळ्याच गच्च्यांवर टॉवेल होते.
खाली कुठल्याशा अंगणात
कुणीतरी बोलता बोलता
मध्येच थांबलं असेल,
आमचा आवाज ओसरायची वाट बघत.