बसतंय की हलतंय

जोमा चोगले वॉकर दाराशीच सोडून आत आला,
कपाट धरत, टेबल धरत,
हेलकावणाऱ्या होडीत चालावं तसा.
"डाक्टर, आतला खुंट हलतंय."

फिल्म दिव्यावर लावली.
अकरा वर्षांपूर्वी बसवलेली वाटी
वर सरकून तिरपी झालेली,
आणि तिच्यामागे हाड असायला हवं तिथे
काळं. नुसतं काळं.
मी त्याला चिऱ्याच्या खाणीचं उदाहरण दिलं,
जांभा काढून नेल्यावर उरतो तो खड्डा.
त्याला काही ते पटलं नाही.
खाणीत तो कधी उतरला नव्हता.

बोर्लीसमोर, घरं दिसेनाशी होतात तिथवर जाऊन
त्याच्या बापाने, मग त्याने,
डोलीचे खुंट ठोकलेले.
भांगाचे दिवस बघायचे, पाणी नरम असतं तेव्हा.
दोन होड्यांच्या मध्ये वासा उभा धरायचा.
वरचा गाळ मऊ, तो काही धरत नाही.
खाली चिकण लागली पाहिजे.
"चिकण लागली का ठोका बदलतो.
ढब ढब असतो, त्याचा टण् होतो.
टण् झाल्यावर आणखी मारील तो येडा.
खुंट फुटतो."

पुण्यात शिकताना सरांनी
हेच इंग्रजीतून अर्धा तास सांगितलेलं.

टेबलावर पाच तास.
जुन्या वाटीला छिन्नी लागलीच नाही,
दुधाच्या दातासारखी बोटांनी आली.
मागे प्लास्टिकच्या झिजेचा राखाडी लगदा.
खरवडत गेले, खरवडत गेले,
थांबले तेव्हा छत उरलं नव्हतं,
पुढचा खांब अर्धा,
मागचा त्यातल्या त्यात बरा.

हाडपेढीतून आलेला कुणाच्या तरी खुब्याचा गोळा
उणे ऐंशी अंशांतून बाहेर काढला.
त्याचे तुकडे केले, खोबऱ्याच्या काचऱ्यांएवढे.
रवा नको, रवा वाहून जातो.
ते खड्ड्यात दाबले. वर छिद्राळ धातूची पाचर,
पाचरीला टेकून नवी वाटी.
सक्शन बंद करा म्हटलं, कुणी बोलू नका.

ढब.
ढब.
ढब.

मग एक आवाज आला, टण् म्हणता येईल असा.
आला, की मला हवा होता म्हणून ऐकू आला?
हातोडी ठेवली. सात स्क्रू मारले.

वॉर्डात त्याला हाडाचं सांगितलं.
"बाई का बाप्या?"
कागदावर बाई आहे. वय एकाहत्तर.
बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला.
"होडीचा वाटा असतो, जाळ्याचा असतो, तांडेलाचा असतो.
तिचा काढाया पायजे."
बायको, गोमाबाय, करवादली, मेलेल्या माणसाला कसला वाटा?
मी म्हटलं, मेली नसेलही.
खुबा बदलताना निघालेला गोळा देतात लोक.
"मंग तर पायजेच."

तीन महिन्यांनी नवी फिल्म.
जुनीवर ठेवली, पट्टी लावली, पेन्सिलीने रेघ मारली,
पुसली, परत मारली.
दोन मिलिमीटर वर.
दोन मिलिमीटर म्हणजे वाटी बसतेय,
किंवा दोन मिलिमीटर म्हणजे निघालीय.
फिल्म बोलत नाही.

"हललं?"
दोन मिलिमीटर.
"येवढं बसताना जातंय. पयल्या उधाणाला खुंट जरा खचतोच.
मंग कालवं धरतात त्याला."
धातूच्या छिद्रांत हाड शिरायला किती दिवस लागतात
ते मी सांगणार होते.
"कालवं धरायला मोसम लागतो," तो म्हणाला,
आणि वॉकर घेऊन निघाला.
डावा पाय अजून थोडा बाहेर पडतो.

सहा महिन्यांनंतरची तारीख दिली आहे.
गोमाबायने जाताना टेबलावर पिशवी ठेवली, सुके बोंबील.
"तुमचे नाय. त्या बाईचे. पत्ता गावला का धाडा."

पत्ते पेढीवाले देत नाहीत.
पिशवी फाइलींच्या कपाटात आहे.
अख्ख्या ओपीडीला वास येतो,
आणि मला ती टाकवत नाही.