विषय क्रमांक सात: बर्फ

गणपूर्ती झाली. सहापैकी पाच हजर,
सहावा गोठ्यात, वासरू आडवं आलंय.
बाहेर उणे एकतीस. खिडकीच्या फटीत
गेल्या निवडणुकीतल्या उरलेल्या कोऱ्या मतपत्रिका
मीच दुमडून कोंबल्यात.
मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम.
पाण्याच्या टाकीचा रंग: निधीअभावी तहकूब.
विनापरवाना कुत्री: तीन. पैकी एक नगराध्यक्षबाईंचं.
हशा. (हशा लिहायचा नसतो.)

मग सात.
डेल फ्रीसेन उठला, चष्मा कपाळावर,
म्हणाला, कर मी सगळ्यात आधी भरतो
आणि माझ्या रस्त्याचा बर्फ सगळ्यात शेवटी निघतो.
यंत्र कुठल्या क्रमानं फिरतं, याचा नियम कुठाय?
मी अठरा वर्षांची दप्तरं उपसली.
डुकरं पाळण्याचा नियम होता,
रविवारी शिट्टी वाजवण्याचा होता,
हा नव्हता.

ओरेस्ट बाब्युकला बोलावलं.
गॅरेजमधून होता तसाच आला, बुटांचं पाणी
लिनोलियमवर पसरत माझ्या टेबलापर्यंत.
टोपी मुठीत. खुर्ची दिली, बसला नाही.

आधी पॉपलर गल्ली, म्हणाला.
लामोटला एक दिवसाआड डायलिसिसला न्यायचं असतं,
साडेपाचला निघाले तर शहर गाठतात.
मग तिसरी गल्ली. तिथली नर्स रात्रपाळीहून परतते,
तिची गाडी ठेंगणी, पोटाला बर्फ घासतो.
मग बेकरी.
बेकरी का?
पाव नसेल तर उठायचं कशाला.
मग शाळेची बस वळते तो कोपरा, पण तिथं पातं चार बोटं उचलून,
खाली गटाराचं झाकण फुटलंय, तीन वर्षं सांगतोय.
(कुणीतरी खोकलं.)
आणि मी? डेल म्हणाला.
तुला दोन मुलगे आहेत, ओरेस्ट म्हणाला,
आणि फावडं चांगलं आहे.

नगराध्यक्षबाईंनी डिझेलची वही उलटी फिरवली.
हा दफनभूमीचा रस्ता कशाला?
एप्रिलपर्यंत जमीन दगड असते,
हिवाळ्यात आपण कुणाला पुरतही नाही.
ओरेस्टनं टोपी या हातातून त्या हातात घेतली.
तिथं यंत्र वळवायला जागा बरी आहे.
पुढे कुणी विचारलं नाही.

प्रचलित पद्धत पुढे चालू ठेवावी.
अनुमोदक: डेल फ्रीसेन. एकमतानं मंजूर.
इतिवृत्तात एवढंच.
कागदाच्या पाठीवर मात्र पेन्सिलीनं
मी सगळा क्रम उतरवून घेतला,
चार बोटांसकट.

मार्चअखेर तो निवृत्त झाला. केक आणि घड्याळ,
घड्याळावर आडनावातलं एक अक्षर चुकलेलं.
त्यानं ते तसंच मनगटावर बांधलं.

ऑक्टोबरात रोडेल रुजू झाला, इलोइलोच्या बंदरावर
क्रेन चालवायचा. यंत्राचं मी बघतो, म्हणाला,
बर्फाचं तुम्ही सांगा.
मी तो कागद दिला. त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून
काचेला आतून चिकटवला.

लामोट ऑगस्टमध्ये गेला.
घर बंद. पाण्याचं मीटर मीच काढून आणलं, त्याची नोंद आहे.

आज पहाटे पाचला पिवळा दिवा
पॉपलर गल्लीत फिरताना दिसला, सावकाश,
कडेकडेनं, लामोटच्या फाटकापर्यंत
अगदी खडी दिसेल इतकं साफ.
फाटकापाशी तो थोडा थांबलाही.

सांगायला हवं त्याला.
पुढच्या विषयपत्रिकेत घेते,
आठ नंबरला, किंवा नऊ,
पाण्याच्या टाकीच्या रंगानंतर.