दोन खुर्च्या कमी

शनिवारी दुपारी मी खुर्च्या पुसते.
एकशे चाळीस. प्लास्टिकच्या, मरून रंगाच्या,
मागच्या रांगेतल्यांच्या पाठीवर रंगवलेलं,
'कै. दाविदराव थोरात यांच्या स्मरणार्थ'.
थोरातांवर सहसा कोणी बसत नाही,
तिथवर पंख्याचा वारा पोचत नाही.

रविवारी माणसं येतात साठ-पासष्ट.
थंडीत पन्नास.
द्राक्षं निघाली की त्याहून कमी.

परवा कमिटीनं पुण्याहून एक जण बोलावला.
लॅपटॉप, भिंतीवर उजेडाचा चौकोन.
म्हणाला, माणसं येतात, पण टिकत नाहीत.
टिकवायला हवीत.
मी चहाचा ट्रे घेऊन उभी. मनात म्हटलं,
ती काय कैरी आहेत,
मीठ लावून बरणीत दाबायला?

दाराशी स्वागताचं टेबल मांडा, म्हणाला.
गिटार, ड्रम. उपदेश वीस मिनिटांत.
पहिल्यांदा आलेल्याला पेन भेट द्या.
शमुवेलकाका भालेराव, नोट प्रेसमधून रिटायर,
आयुष्यभर नोटा मोजलेला माणूस,
म्हणाले, पेनाला किती पडतील?
पाळकसाहेब काहीच बोलले नाहीत. डोळे चोळत होते.
तीन मयती झाल्या होत्या त्या आठवड्यात.

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर
एकेक खुर्ची दाखवून सांगितलं असतं:
ही अनुग्रहची. अंबडला कंपनीत लागला,
त्याचा रविवार बुधवारी येतो.
बुधवारी आपल्या दाराला कुलूप,
किल्ली माझ्याच कमरेला.
ही सत्त्वशीलाबाईंची.
आपल्या पायऱ्या नऊ, त्यांचे गुडघे दोन.
आणि ही खांबाआडची, रूथ आढावची.
ईस्टरला तिची चप्पल गेली.
नवी होती, दाराबाहेर काढलेली.
आत उपदेश चालला होता रिकाम्या कबरेवर,
बाहेर चपलेची जागा रिकामी.
एप्रिलचं डांबर, बारा वाजलेले.
अनवाणी गेली त्र्यंबक नाक्यापर्यंत.
आम्ही सगळ्यांनी पाहिलं. अरेरे म्हटलं.
मीही म्हटलं.

मीटिंग संपल्यावर मेन रोडला जाऊन
अंदाजानं सहा नंबर घेतला.
तिनं दार उघडलं, बघितलं, पायात घातली. सैल झाली.
'मोजा घालीन,' म्हणाली, 'दवाखान्यात रात्रपाळीला चालेल.'
रविवारी आली नाही.
पुढच्या रविवारीही नाही.
मला रागच आला, खोटं कशाला बोलू,
अडीचशे रुपये गेले आणि माणूसही नाही.
खुर्ची पुसता पुसता हात थांबला.
म्हणजे मीही पेनच वाटत होते.

मग एका मंगळवारी तिचा फोन.
आई पडली, खुब्याचं हाड.
'मावशी, येता का? प्रार्थनेचं नंतर बघू.'
गेले. प्रार्थना सुचलीच नाही. लसूण सोलला.
म्हातारीनं पडल्या पडल्या एक स्तोत्र धरलं,
अर्ध्यात विसरली.
पुढचं रूथला येईना, मला येईना,
मी, जी चाळीस वर्षं पहिल्या रांगेत.
तिघी हसलो. म्हातारी कण्हत कण्हत हसली.
बसायला जागा म्हणाल तर पलंगाची कड.
शेजारणी आल्या, उभ्याच राहिल्या, उभ्याच गेल्या.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं
आणि थोरातांच्या दोन खुर्च्या रिक्षात घातल्या.
बुधवार होता. अनुग्रहला म्हटलं, एक टोक धर.
वर गेल्यावर थोरातांवर तोच आधी बसला,
थेट पंख्याखाली.

या शनिवारी शमुवेलकाकांनी मोजदाद केली.
दोनदा. बोट जिभेला लावून,
जशा काही नोटाच.
'एकशे अडतीस. दोन गेल्या कुठं?'
म्हटलं, गेल्या नाहीत काका,
वापरात आहेत. रूथकडे.
त्यांनी वहीत लिहिलं, दोन कमी. खाली रेघ मारली.
मग पेन खिशात अडकवता अडकवता,
माझ्याकडे न बघता,
'जिने किती आहेत तिच्याकडे?'