माणशी दहा मिनिटं

विश्रामबागेतल्या हॉलात, तेरा नंबरच्या टेबलाशी
कंट्रोलर पुसायचं काम माझं.
माणशी दहा मिनिटं. गेम दिवाळीनंतर येणार.

सगळे आल्या आल्या तलवार उपसतात.
मार्केट यार्डातला इलाही मुजावर
नुसता घोडा चालवत राहिला,
पूल ओलांडून पार तिकडं,
जिथं अजून काही बनवलेलंच नाही.
गवत संपतं. पुढं नुसता करडा रंग.

"हितनं फुडं काय हाय?"
"काम चालू आहे," कंपनीचा पोरगा ओशाळला.
"असू दे की."
आणि थांबला तिथंच,
घोड्याला वारा खाऊ देत.

वेळ संपली. मी फडकं फिरवलं.
बटणांच्या फटीत हळद राहिलीच थोडी.

पुढच्या पोरानं सतरा गनीम कापले,
पिवळ्या अंगठ्यानं.